राज्यसभेचें रोजचें काम

राज्यसभा म्हटली म्हणजे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें : सभागृहाच्या मध्यभागीं धांवून आलेले सभासद, त्यांच्या हातांत फलक, आणि उंच आसनावरून "बसा, बसा" अशी विनवणी करणारे सभापति. दूरदर्शनच्या पडद्यावर बहुधा तेवढेंच दाखविलें जातें. आणि घरोघरीं जेवणाच्या वेळीं पालकमंडळी त्यावर जो अभिप्राय देतात, तोच दुसऱ्या दिवशीं वर्गांत आमच्या कानीं येतो. "हें सभागृह बंद करून टाकावें, खर्च तरी वांचेल," असा तो अभिप्राय असतो. त्यांतील राग आम्हांस समजतो. परंतु ज्या संस्थेचें काम आपण कधीं पाहिलेंच नाहीं तिच्यावर निकाल देणें म्हणजे उत्तरपत्रिका न उघडतां गुण देणें होय, आणि शिक्षकाच्या धंद्यांत निदान एवढी एक गोष्ट तरी क्षम्य मानीत नाहींत. तेव्हां आधीं उत्तरपत्रिका उघडूं. गुण किती द्यावयाचे तें मग पाहूं.

हें सभागृह आपल्या देशांत स्वातंत्र्याबरोबर आलें असें नव्हे. १९१९ च्या कायद्यानें दिल्लीस 'कौन्सिल ऑफ स्टेट' निर्माण झालें व १९२१ पासून तें भरूं लागलें. पण त्याचे मतदार म्हणजे मूठभर धनिक व पदवीधारी, त्यामुळें लोकांस त्याबद्दल आपलेपणा वाटण्याचें कारण नव्हतें. पुढें घटना समितींत जुलै १९४७ मध्यें हा प्रश्न निघाला, तेव्हां 'असलें दुसरें सभागृह म्हणजे प्रगतीच्या गाडीस घातलेली खीळ' असा आक्षेप कित्येकांनीं घेतलाच. त्यास उत्तर देतांना गोपालस्वामी अय्यंगार यांनीं फार मोठीं आश्वासनें दिलीं नाहींत. महत्त्वाच्या प्रश्नांवर तेथें भारदस्त चर्चा व्हावी, क्षणिक आवेशाच्या भरांत होऊं घातलेला कायदा थोडा थांबवून धरतां यावा, आणि निवडणुकीच्या धकाधकींत उतरण्यास जे धजत नाहींत अशा अनुभवी माणसांना देशाच्या कारभारांत वाव मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आम्हांस ही माफक अपेक्षाच योग्य वाटते. ज्याच्याकडून फार मागितलें जातें त्याच्याकडून थोडेंही मिळत नाहीं, हें आम्ही वर्गांत नित्य पाहतों.

३ एप्रिल १९५२ रोजीं ही सभा अस्तित्वांत आली, १३ मे रोजीं तिची पहिली बैठक झाली, आणि २३ ऑगस्ट १९५४ रोजीं तिचें 'राज्यसभा' हें नांव जाहीर झालें. उपराष्ट्रपति हे तिचे पदसिद्ध सभापति. पहिले सभापति डॉ. राधाकृष्णन्, म्हणजे शिक्षकच. सभेच्या २४५ जागा आहेत. त्यांपैकीं १२ सभासद राष्ट्रपति नेमतात. बाकीचे २३३ राज्यांतील व कांहीं केंद्रशासित प्रदेशांतील आमदार निवडून देतात. उत्तर प्रदेशास ३१, महाराष्ट्रास १९ व गोव्यास १ अशी वांटणी आहे. सभासदाची मुदत सहा वर्षें, आणि दर दोन वर्षांनीं एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. त्यामुळें लोकसभा विसर्जित झाली तरी ही सभा कधीं विसर्जित होत नाहीं. आमच्या मतें तिच्या घडणींतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच. एकाच दिवशींच्या वाऱ्यानें सबंध सभा भरत नाहीं.

आतां तिचा एक दिवस पाहूं. सकाळीं अकरा वाजतां सभा भरते. दहावा हिस्सा, म्हणजे पंचवीस सभासद हजर असल्याशिवाय काम चालत नाहीं. प्रथम निरनिराळ्या खात्यांचे अहवाल, नियम, हिशेब असे कागद सभेच्या पटलावर ठेवले जातात. हा भाग इतका रुक्ष असतो कीं प्रेक्षकांच्या सज्जांत बसलेलीं शाळकरी मुलें येथेंच जांभया देऊं लागतात. पण सरकारनें काढलेला कोणताही महत्त्वाचा नियम या पटलावर यावा लागतो. येथें न येतां तो मंत्रालयाच्या कपाटांत राहिला असता तर तुम्हांआम्हांस त्याचा पत्ताही लागला नसता. त्यानंतर 'शून्य प्रहर'. या वेळीं सभासद आपल्या भागांतील निकडीच्या गोष्टी मांडतात : कोठें रेल्वेचा पूल रखडला, कोठें कांद्याचा भाव कोसळला, कोठें परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली. प्रत्येकास तीन मिनिटें मिळतात, आणि तीन मिनिटें संपतांच ध्वनिक्षेपक आपोआप बंद होतो. मग बोलणारा कितीही मोठा असो. (आमच्या स्नेहसंमेलनांतील वक्त्यांसाठीं असें एखादें यंत्र मिळाल्यास तें आम्हांस हवें आहे.) ज्यांस तोंडी बोलण्याची संधि मिळत नाहीं ते 'विशेष उल्लेख' म्हणून अडीचशें शब्दांच्या आंतील मजकूर वाचून दाखवितात. तीन मिनिटांत किंवा अडीचशें शब्दांत एका जिल्ह्याचें दुःख बसवावयाचें, हें निबंधलेखनाचें कौशल्य आहे, व तें अनेकांस साधत नाहीं.

बारा वाजतां प्रश्नोत्तरांचा तास लागतो. पूर्वीं हा तास अकरालाच असे. परंतु गोंधळांत तो रोज बुडूं लागल्यामुळें नोव्हेंबर १९१४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१४ च्या नोव्हेंबरांत, तो बारा वाजतां नेण्यांत आला. दिवसाच्या यादींत पंधरा तारांकित प्रश्न असतात. त्यांस मंत्र्यांनीं उभें राहून तोंडीं उत्तर द्यावयाचें. शिवाय एकशेंसाठ अतारांकित प्रश्न असतात; त्यांचीं उत्तरें लेखी येतात. खरी कसोटी लागते ती तारांकित प्रश्नावरील पुरवणी प्रश्नांत. मूळ प्रश्नाचें उत्तर खात्याच्या अधिकाऱ्यांनीं लिहून दिलेलें असतें. पण पुरवणी प्रश्न काय येईल तें कोणासच ठाऊक नसतें. मंत्र्यास आपलें खातें कळतें कीं नाहीं हें तेथें दोन मिनिटांत उघडें पडतें. पाठ केलेला विद्यार्थी आणि समजलेला विद्यार्थी यांतील फरक ओळखण्याची हीच रीत आम्ही तोंडी परीक्षेंत वापरतों.

दुपारीं कायद्याचें काम. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा खर्डा. त्याची तीन वाचनें होतात. पहिल्यांत तें सादर होतें. दुसऱ्यांत आधीं त्याच्या तत्त्वांवर चर्चा होते व मग एकेक कलम मतास टाकलें जातें. तिसऱ्यांत सबंध विधेयकावर शेवटचें मत. वर्तमानपत्रांत पहिली व शेवटची गोष्ट छापून येते. पण ज्यांत कायदा खरोखर घडतो किंवा बिघडतो तें कलमवार वाचन आहे. 'करील' आणि 'करूं शकेल' या दोन शब्दांमध्यें केवढें अंतर! पहिल्या शब्दानें सरकारवर कर्तव्य येतें, दुसऱ्यानें तें सरकारच्या मर्जीवर राहतें. गरीब विधवेस निवृत्तिवेतन मिळेल कीं तिला कचेरीचे उंबरे झिजवावे लागतील, हें पुष्कळदां अशा एका क्रियापदावर ठरतें. ज्या सभासदानें असा एक शब्द बदलवून घेतला त्याचें छायाचित्र कोठें येत नाहीं.

हें कलमवार वाचन नीट व्हावयाचें तर त्यास निवांत जागा पाहिजे, आणि ती जागा म्हणजे समित्या. खात्यांवर लक्ष ठेवणाऱ्या चोवीस स्थायी समित्या आहेत. त्यांपैकीं आठ राज्यसभेच्या सभापतींच्या देखरेखीखालीं चालतात. प्रत्येकींत एकतीस सभासद : लोकसभेचे एकवीस व राज्यसभेचे दहा. दारें बंद असतात, छायाचित्रकार नसतो, आणि म्हणून कोणास आरडाओरड करण्याचा मोह होत नाहीं. एका विधेयकासाठीं खास नेमलेल्या समितीस प्रवर समिति म्हणतात. लोकपालाचें विधेयक २९ डिसेंबर २०११ च्या मध्यरात्रीं राज्यसभेंत गोंधळांत अडकलें, तेव्हां देशभर हळहळ झाली. पुढें मे २०१२ मध्यें तें प्रवर समितीकडे गेलें, समितीनें साक्षी घेतल्या, नोव्हेंबरांत अहवाल दिला, आणि १७ डिसेंबर २०१३ रोजीं दुरुस्त विधेयक राज्यसभेंत संमत होऊन दुसऱ्याच दिवशीं लोकसभेनें तें स्वीकारलें. मानसिक आरोग्याचें विधेयक २०१३ सालीं राज्यसभेंत आलें. तें समितींतून फिरून शंभराहून अधिक दुरुस्त्यांसह ऑगस्ट २०१६ मध्यें संमत झालें. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य अत्यंत मानसिक ताणाखालीं होता असेंच धरून चालावें, त्यास शिक्षा न करतां त्याची काळजी घ्यावी, ही माणुसकी त्या कायद्यानें आणली. ज्या पालकांनीं घर घेण्यासाठीं आयुष्याची पुंजी बांधकाम व्यावसायिकाच्या हातीं दिली आहे त्यांना स्थावर संपदेचा कायदा ठाऊक असेल. ग्राहकांच्या पैशांपैकीं सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यांत ठेवण्याचें बंधन घालणारा हा कायदाही २०१३ सालीं प्रथम राज्यसभेंतच आला, स्थायी व प्रवर अशा दोन समित्यांनीं तो वाचला, आणि १० मार्च २०१६ रोजीं तेथें संमत झाला. तीन वर्षें लागलीं खरीं. पण तीन वर्षें वाचून केलेला कायदा आणि तीन तासांत केलेला कायदा यांपैकीं आपल्या घराचें रक्षण कोणत्यानें व्हावें, हें पालकांनींच सांगावें.

शुक्रवारीं दुपारीं अडीच तास सरकारचें काम बाजूस ठेवून साध्या सभासदांचीं विधेयकें घेतात. हा वेळ पुष्कळांस निरर्थक वाटतो, कारण १९५२ पासून अशीं अवघीं चौदा विधेयकें कायदा झालीं व त्यांतलें शेवटचें १९७० सालचें. तरीही २४ एप्रिल २०१५ रोजीं तामिळनाडूचे तिरुचि सिवा यांचें तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचें विधेयक राज्यसभेनें एकमतानें संमत केलें. पंचेचाळीस वर्षांत त्या सभागृहांत अशा सभासदाचें विधेयक प्रथमच पार पडलें होतें. लोकसभेंत तें पुढें सरकलें नाहीं. पण ज्यांच्याकडे पाहून लोक रस्ता बदलतात अशा माणसांचा प्रश्न आतां टाळतां येण्याजोगा राहिला नाहीं, आणि २०१९ सालीं सरकारला स्वतःचा कायदा करावा लागला. त्या कायद्यावर संबंधित लोकांचे आक्षेप आहेत, व ते विचारांत घेण्यासारखे आहेत. मात्र दार पहिल्यानें ठोठावलें तें एका साध्या सभासदानें, शुक्रवारच्या दुपारीं.

वरिष्ठ सभागृहाच्या अधिकाराचें सर्वांत नाट्यमय उदाहरण गणिताच्या शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडें विस्तारानें देतों. संस्थानें विलीन झालीं तेव्हां राजेलोकांस वार्षिक तनखे देण्याचें वचन घटनेंत दिलें गेलें होतें. ते बंद करण्यासाठीं १९७० सालीं घटनादुरुस्तीचें विधेयक आलें. लोकसभेंत तें संमत झालें. ५ सप्टेंबर १९७० रोजीं राज्यसभेंत मतें पडलीं : बाजूस १४९, विरुद्ध ७५. घटनादुरुस्तीस हजर राहून मत देणाऱ्यांपैकीं दोन तृतीयांश मतें लागतात. एकूण मतें २२४. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक तृतीयांश. मिळालीं १४९. एक तृतीयांश मतानें विधेयक पडलें! साध्या विधेयकाबाबत दोन सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठक घेतां येते, व तेथें लोकसभेच्या संख्येपुढें राज्यसभेचें चालत नाहीं. आजवर अशी बैठक १९६१, १९७८ व २००२ या तीन सालीं झाली आहे. परंतु घटनादुरुस्तीला ती वाट नाहीं. मग सरकारनें राष्ट्रपतींच्या आदेशानें राजांची मान्यताच काढून घेतली. तो आदेश सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रद्द केला. १९७१ च्या निवडणुकींत जनतेनें सरकारला भरघोस बहुमत दिलें. आणि त्याच वर्षीं सव्विसाव्या घटनादुरुस्तीनें तनखे गेले ते गेले.

कोणी म्हणेल, शेवटीं व्हावयाचें तेंच झालें, मग वर्षभर उगाच थांबविलें कशाला ? राजांच्या तनख्यांबद्दल आम्हांस तिळमात्र कळवळा नाहीं. पण दिलेलें वचन मोडावयाचें तर राष्ट्रानें तें रीतसर, उजेडांत, आणि लोकांना विचारून मोडावें, हें आम्ही महत्त्वाचें मानतों. राज्यसभेनें थांबविलें म्हणून तें तसें झालें. १९८९ च्या ऑक्टोबरांत पंचायत राज्याचें विधेयकही याच सभेंत पडलें, आणि तेव्हांही तिला दूषणें मिळालीं. पुढें नव्या रूपांत तीच कल्पना १९९२ च्या डिसेंबरांत दोन्ही सभागृहांनीं उचलून धरली, व आज आमच्या गांवोगांवच्या ग्रामपंचायतींत स्त्रिया सरपंच झालेल्या दिसतात त्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीमुळें. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आणीबाणींत १९७६ सालीं बेचाळिसावी घटनादुरुस्ती आली, तेव्हां ज्या सभागृहानें थांबवावयास हवें होतें त्यानें थांबविलें नाहीं. पहारेकरी ठेवला म्हणजे तो जागाच राहील अशी हमी कोणतीही घटना देऊं शकत नाहीं.

या सभेंत कोणकोण माणसें बसून गेलीं हें पाहिलें म्हणजेही मन थोडें नरम येतें. १९५२ च्या पहिल्या निवडणुकींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईंत पराभूत झाले. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्षच नव्या संसदेबाहेर राहण्याची पाळी आली होती. मुंबई राज्याच्या आमदारांनीं त्यांस राज्यसभेवर पाठविलें, आणि १९५६ सालीं निधन होईपर्यंत ते तेथें होते. भाषावार राज्यें, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा, अल्पसंख्यांचें रक्षण, या विषयांवर त्यांनीं तेथें केलेलीं तिखट भाषणें छापील स्वरूपांत उपलब्ध आहेत. 'मागचें दार' म्हणून या सभेची जे थट्टा करतात, त्यांनीं या एका नांवाचा विचार करावा. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे, नाटककार मामा वरेरकर, पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, नट पृथ्वीराज कपूर, हे सर्व राष्ट्रपतींनीं नेमलेले सभासद होते. आणि १९६२ पासून १९६९ पर्यंत उपसभापतींच्या आसनावर व्हायोलेट अल्वा ही ख्रिस्ती स्त्री बसत असे. स्त्रियांनीं सभा चालवावी ही गोष्ट त्या काळीं आमच्या शाळांच्या व्यवस्थापक मंडळांनाही सुचलेली नव्हती.

नेमलेल्या सभासदांबद्दलची तक्रारही खोटी नाहीं. कांहीं नामवंत सभेकडे फिरकत नाहींत. आमच्या मुलांचा लाडका सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ या काळांत सभासद होता, व त्याच्या अल्प उपस्थितीवर टीका झाली. ती टीका आम्हांस रास्त वाटते, कारण मान घेतला म्हणजे हजेरीही आली. परंतु २१ डिसेंबर २०१७ रोजीं 'खेळण्याचा हक्क' या विषयावर बोलण्यासाठीं तो उभा राहिला, तेव्हां काय झालें ? सभागृहांत दुसऱ्याच कारणावरून गोंधळ चालू होता. कांहीं मिनिटें तो मुकाट्यानें उभा राहिला, आणि एक शब्दही ऐकूं न जातां खालीं बसला. जें बोलावयाचें होतें तें त्यानें नंतर चित्रफितीवरून लोकांस ऐकविलें. मुलांना मैदानें मिळावींत, खेळ हा अभ्यासाचा भाग व्हावा, हा विषय आमच्या विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचा. त्या विषयास राज्यसभेंत त्या दिवशीं कान मिळाले नाहींत. गैरहजर राहणारा दोषी खरा, पण हजर राहून दुसऱ्याचें तोंड बंद करणारा अधिक दोषी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

येथून आम्ही कडू भागाकडे येतों. २० सप्टेंबर २०२० रोजीं शेतीविषयक दोन विधेयकें राज्यसभेंत आलीं. विरोधकांनीं तीं प्रवर समितीकडे पाठविण्याची सूचना केली व मतविभागणी मागितली. मतविभागणी न होतां आवाजी मतदानानें विधेयकें संमत झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. कोणी कागद फाडले, कोणी सभापतींच्या आसनापाशीं चढले. दुसऱ्या दिवशीं आठ सभासद निलंबित झाले. जागेवर बसून मागणी केली नाहीं म्हणून मतविभागणी दिली नाहीं, असें एका बाजूचें म्हणणें. आम्ही जागेवरूनच मागत होतों, असें दुसरीचें. तो वाद आम्ही सोडवूं शकत नाहीं. पण पुढें काय झालें तें सर्वांस माहीत आहे : शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर थंडीपावसांत बसले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं तेच कायदे दोन्ही सभागृहांनीं एका दिवसांत, जवळजवळ चर्चेवांचून, रद्द केले. घाईनें केले व घाईनेंच मोडले. ते कायदे शेतकऱ्यास हितकारक होते असें मानणारे जाणते लोक आहेत. त्यांनीं तर या घाईबद्दल अधिकच हळहळावें. चार महिने समितींत बसून पंजाबच्या व विदर्भाच्या शेतकऱ्याची साक्ष घेतली असती तर कदाचित् त्यांतलें चांगलें तेवढें उरलें असतें.

डिसेंबर २०२३ मध्यें दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ सभासद निलंबित झाले. त्यांत राज्यसभेचे ४६. संसदेच्या सुरक्षेविषयीं गृहमंत्र्यांनीं निवेदन करावें या मागणीवरून तो गोंधळ होता. त्या रिकाम्या बांकांसमोर २१ डिसेंबर रोजीं राज्यसभेनें १८६० च्या दंडसंहितेची व तिच्या सोबतच्या दोन कायद्यांची जागा घेणारीं तीन विधेयकें संमत केलीं. स्थायी समितीनें तीं आधीं वाचलीं होतीं, हें न्यायानें नमूद केलें पाहिजे. तरीही एकशेंसाठ वर्षांच्या जुन्या दंडसंहितेचा निरोपसमारंभ निम्म्या रिकाम्या घरांत व्हावा, हें आम्हांस बरें वाटलें नाहीं. गोंधळ घालणाऱ्यांनीं आपली जागा स्वतः गमावली, आणि बाहेर घालविणाऱ्यांनीं आपल्या कायद्यास मिळूं शकणारी परीक्षा गमावली.

याहून चिंतेची गोष्ट आवाज न करणारी आहे. पंधराव्या लोकसभेच्या काळांत, म्हणजे २००९ ते २०१४ मध्यें, सुमारें एकाहत्तर टक्के विधेयकें समित्यांकडे गेलीं. सतराव्या लोकसभेच्या काळांत, २०१९ ते २०२४ मध्यें, हें प्रमाण सुमारें सोळा टक्क्यांवर आलें. सभेचे दिवसही अलीकडे वर्षाकाठीं पंचावन्न ते सत्तरच्या आसपासच भरतात. आमची शाळा इतके थोडे दिवस भरली तर पालक आम्हांस क्षणभर तरी सोडतील काय ? धन विधेयकाच्या बाबतींत राज्यसभेस चौदा दिवसांत नुसत्या शिफारशी करतां येतात; म्हणून एखाद्या विधेयकास 'धन विधेयक' असा शिक्का मारला कीं तिचा अधिकार संपतो. आधारचें विधेयक २०१६ सालीं असें आलें. राज्यसभेनें सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेनें त्याच दिवशीं फेंटाळल्या. न्यायालयानें २०१८ सालीं बहुमतानें तें वैध ठरविलें, एका न्यायमूर्तींनीं विरुद्ध मत दिलें. आम्हांस त्या एकट्या मताचें वजन अधिक वाटतें. आणि २००३ सालीं कायदा बदलून सभासदानें आपण ज्या राज्याचा प्रतिनिधि तेथला रहिवासी असण्याची अट काढून टाकली. १९५४ सालीं जाणूनबुजून 'राज्यसभा' हें नांव घेतलेल्या सभेंत राज्याची भाषा न बोलणाऱ्यानें त्या राज्याच्या जागेवर बसावें, हें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं मान्य केलें असलें तरी आम्हांस अजून पटलेलें नाहीं. सभेंत २०१८ पासून घटनेंतील बावीसही भाषांत बोलण्याची व तत्काळ भाषांतराची सोय आहे. मराठी व कोंकणी त्यांत आल्या. ही सोय आमच्या प्रतिनिधींनीं कितीशी वापरली, हें त्यांनाच विचारण्यासारखें आहे.

आमच्या महाराष्ट्रांतही असेंच एक वरिष्ठ सभागृह आहे. विधान परिषद ७८ सभासदांची; पैकीं ७ पदवीधरांनीं व ७ शिक्षकांनीं निवडलेले. अशीं सभागृहें आतां देशांत सहाच राज्यांत उरलीं आहेत. पश्चिम बंगाल, पंजाब, तामिळनाडू यांनीं आपापलीं मोडलीं. आमची परिषद टिकली, आणि तिनें कांहीं दिलेंही : १९६० पासून १९७८ पर्यंत तिचे सभापति असलेले वि. स. पागे यांच्याच डोक्यांतून रोजगार हमी योजना निघाली, आणि पुण्याच्या पदवीधरांनीं निवडून दिलेले प्रा. ग. प्र. प्रधान यांनीं अठरा वर्षें तेथें अभ्यास करून बोलण्याचा वस्तुपाठ घालून दिला. पण शिक्षकांच्या मतदारसंघांत अलीकडे जो प्रचार चालतो, जीं जेवणें उठतात व ज्या भेटवस्तूंच्या कथा कानीं येतात, त्या ऐकून शरमेनें मान खालीं जाते. सभागृहाच्या गोंधळाबद्दल राजकारणी मंडळींस दोष देणारे आम्ही, आमच्या हातीं असलेलें मत कशाच्या मोलानें देतों ?

माध्यमिक शाळेंत गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षें शिकविलेल्या शिक्षकास हें मत आहे. पुढच्या निवडणुकींत उमेदवार शिक्षकांच्या खोलींत येतील तेव्हां त्यांस चहा जरूर द्यावा, आणि पगाराच्या व निवृत्तिवेतनाच्या गोष्टी बोलण्याआधीं तीन प्रश्न विचारावे : गेल्या मुदतींत आपण किती दिवस सभागृहांत बसलां ? कोणत्या विधेयकाच्या कोणत्या कलमास आपण दुरुस्ती सुचविली ? आणि आपलें भाषण चालू असतांना जो ओरडला त्याचें भाषण आपण शांतपणें ऐकलें काय ?